‘मूळ कथेत असं नाहीच’ म्हणणाऱ्या वाचकाला काय सांगायचं?

पुराणातली किंवा महाकाव्यातली एखादी कथा आजच्या पद्धतीनं लिहून वाचकांसमोर ठेवली की पहिल्या दोन दिवसांतच कुणीतरी लिहितं, ‘मूळ कथेत असं नाहीच.’ लिहिणारा यावर बहुधा दोनपैकी एक करतो. चिडून लेखनस्वातंत्र्याचं भाषण देतो, नाहीतर घाबरून तो परिच्छेदच काढून टाकतो. दोन्हींत वाचकाचं म्हणणं ऐकायचं राहून जातं. त्या वाचकाच्या मनात कथेचा एक ठरलेला पाठ असतो. तो त्यानं स्वतः रचलेला नसतो, कुठून तरी त्याच्यापर्यंत आलेला असतो, आणि कुठून आला हे बहुतेक वेळा शोधता येतं. ते शोधल्याशिवाय एक अक्षरही उत्तर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. नव्या कथा लिहिणाऱ्या आणि त्यावरच्या प्रतिक्रिया सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात जास्त वाद ज्यावर होतात तो प्रसंग आधी घेऊ. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी हसून ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ म्हणते. नव्या कथेत हे वाक्य गाळलं तर वाचक विचारतात, द्रौपदीला सोज्वळ करायला निघालात का? ठेवलं तर दुसरे वाचक म्हणतात, हे व्यासांनी लिहिलेलंच नाही. दुसऱ्यांचं बरोबर आहे, पण तेही अर्धंच. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १२५९ हस्तलिखितं ताडून १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या सभापर्वात ४३व्या अध्यायात निवेदक जेव्हा हा प्रसंग सांगतो तेव्हा सेवक हसतात, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. द्रौपदी तिथे नाहीच. मात्र ४६व्या अध्यायात दुर्योधन हीच हकिगत वडिलांना सांगतो तेव्हा त्याच्या तोंडून येतं की कृष्ण आणि अर्जुन मोठ्यानं हसले, आणि द्रौपदीही इतर स्त्रियांबरोबर हसली. कृष्ण तर त्याआधीच द्वारकेला निघून गेलेला असतो. म्हणजे द्रौपदीचं हसणं ग्रंथात आहे, पण ते अपमानानं जळणाऱ्या माणसाच्या जबानीत आहे. ‘आंधळ्याचा मुलगा’ हे वाक्य मात्र दोन्ही ठिकाणी नाही. ते घराघरांत पोचवलं दूरदर्शनवरच्या १९८८च्या मालिकेनं.

आता बघा, एवढं हाताशी असलं की उत्तराचा सूरच बदलतो. ‘तुम्ही म्हणता तो संवाद मालिकेतला आहे. ग्रंथात द्रौपदी हसल्याचं फक्त दुर्योधन सांगतो, निवेदक सांगत नाही. मी निवेदकाचं सांगणं धरलं.’ तीन वाक्यं पुरतात. वाचकाला खोटं पाडायचं नसतं. त्याला जे आठवतं ते खरंच त्यानं पाहिलेलं असतं.

मराठी वाचकाच्या बाबतीत तर आणखी एक थर आहे, आणि तो इतर भाषांतल्या वाचकांहून वेगळा आहे. आपल्याकडे कर्ण म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो १९६७ साली आलेल्या ‘मृत्युंजय’मधला कर्ण. कर्णाच्या नव्या कथेवर ‘वृषालीला का वगळलं?’ असं विचारणाऱ्या वाचकाला हे माहीत नसतं की व्यासांच्या ग्रंथात कर्णाच्या पत्नीला वृषाली हे नाव नाही. स्त्रीपर्वात रणभूमीवर त्याच्यासाठी विलाप करणारी त्याची पत्नी येते, ती वृषसेनाची आई म्हणून. उलट बाजूनं, सभापर्वात द्रौपदीला भर सभेत बंधकी (वेश्या) म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढून घ्यायला सांगणारा कर्णच आहे. हे नव्या कथेत आणलं की सर्वांत तीव्र प्रतिक्रिया येते ती कर्णप्रेमी वाचकांची. ‘तुम्ही कर्णाची बदनामी केलीत’ असं ते लिहितात तेव्हा ते धर्माची बाजू घेत नसतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी रात्र रात्र जागून वाचलेल्या एका माणसाची बाजू घेत असतात. त्यांना पर्व-अध्याय तर सांगावेच, पण आधी हे मान्य करावं की त्यांचा कर्ण कादंबरीतला आहे आणि त्या कादंबरीनं मराठी मनात जागा कमावलेली आहे. तेवढं मान्य केलं की निम्मे वाद तिथेच थांबतात, कारण वाचकाला आपलं प्रेम खोटं ठरवलं जाईल हीच भीती असते.

घरात रुजलेला पाठ आणि ग्रंथातला पाठ यांत एवढं अंतर का, हे समजून घ्यायचं तर मराठी माणसाला या कथा कुणी सांगितल्या ते पाहायला हवं. संस्कृतातून थेट फार थोड्यांना. चातुर्मासात वाचली जायची ती श्रीधरस्वामींची पोथी: हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या या ओव्यांनी महाराष्ट्राला राम-कृष्ण-पांडव दिले. त्याआधी सोळाव्या शतकात एकनाथांचं भावार्थ रामायण, जे त्यांच्या हातून युद्धकांडात अपुरं राहिलं आणि त्यांचा शिष्य गावबानं पुरं केलं अशी परंपरा आहे. म्हणजे ज्या पोथीला आपण अढळ मानतो तिलाही दोन हात लागलेले आहेत. मग गोंधळ्यांचं जांभूळ आख्यान, ज्यात द्रौपदी कर्णाबद्दलची मनातली ओढ कबूल करते. मुंबईकरांना ते विठ्ठल उमपांच्या आवाजात माहीत आहे. ही कबुली व्यासांकडे नाही, पण देवीसमोर गायली जाते आणि ऐकणाऱ्यांना त्यात पाखंड दिसत नाही. जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास बायांनी इतक्या परींनी गायला आहे की रामाला बोल लावणारी सीता ही आजच्या लेखिकांची कल्पना आहे असं म्हणणाऱ्यानं त्या ओव्या एकदा वाचाव्यातच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आता कुणालाही खुला आहे.

त्यात चित्रांची भर. राजा रविवर्म्यानं १८९४ साली गिरगावात छापखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रं भिंतीभिंतींवर गेली. सीता कशी नेसते, सरस्वती कशी बसते हे आपण त्या चित्रांवरून शिकलो. नव्या कथेत द्रौपदीला सावळी लिहिलं तर ‘असं कसं?’ विचारणारे वाचक भेटतात. तिचं नावच कृष्णा होतं आणि ग्रंथ तिला सावळी म्हणतो. आक्षेपाचं मूळ कॅलेंडरवरच्या चित्रात असतं.

यातून एक सवय लावून घ्यावी. प्रतिक्रिया आली की तिच्यापुढे एका शब्दात नोंद करायची: पोथी, मालिका, कादंबरी, कीर्तन, चित्र, आजी. ‘आजी’ हा खाना गमतीनं लिहिलेला नाही. ‘आमच्या आजीनं असं सांगितलं होतं’ ही प्रतिक्रिया सर्वांत मोलाची, कारण तिच्यात कधीकधी कुठेच छापला न गेलेला पाठ असतो. त्या वाचकाला उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा: आजी कुठल्या गावची, हे गाण्यात होतं की गोष्टीत, कोणत्या दिवशी सांगायची?

आधार तपासायचे कसे, यावर थोडं थांबायला हवं, कारण इथेच जास्तीत जास्त घोटाळे होतात. महाभारताचे दोन छापील पाठ सर्रास वापरात आहेत. एक भांडारकर प्रत, म्हणजे वर सांगितलेली चिकित्सक आवृत्ती. दुसरा नीलकंठाची टीका असलेला, जो १८६०च्या दशकात मुंबईतच गणपत कृष्णाजींच्या छापखान्यात छापला गेला आणि अभ्यासक ज्याला मुंबई आवृत्ती म्हणतात. नीलकंठ चतुर्धर हा सतराव्या शतकातला, मूळचा गोदाकाठच्या कोपरगावचा, काशीत राहून लिहिणारा पंडित. दोन्ही आवृत्त्यांत अध्यायांचे आकडे जुळत नाहीत. वर सांगितलेला मयसभेचा प्रसंग नीलकंठी पाठात काही अध्याय पुढे सापडतो. ‘सभापर्व, अध्याय ४३’ एवढंच लिहिलं आणि वाचकाच्या हातात दुसरी आवृत्ती असली की तो तुम्हाला खोटारडा ठरवून मोकळा होतो, आणि त्याच्या बाजूनं ते बरोबरच असतं. म्हणून आकड्याच्या आधी आवृत्तीचं नाव लिहायचं, दरवेळी.

शिवाय हे दोन पाठ आशयातही वेगळे आहेत. स्वयंवरात ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ असं द्रौपदी म्हणते ते नीलकंठी पाठात आहे. चिकित्सक आवृत्तीनं ते मुख्य संहितेतून काढून तळटिपांत ठेवलं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं ही कथाही तशीच परिशिष्टात गेली. वस्त्रहरणात द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भागही मुख्य संहितेत राहिला नाही. तिथे वस्त्रं येत राहतात, कुणी दिली ते सांगितलेलं नाही. हे सगळं ‘प्रक्षिप्त (मागाहून घातलेलं) म्हणून खोटं’ असं वाचकाला सांगणं मला पटत नाही. शेकडो वर्षं लोकांनी तो धावा गायला आहे. ‘जुन्या हस्तलिखितांच्या तुलनेत हा भाग नंतरचा दिसतो’ एवढंच म्हणावं, ते खरं आहे आणि पुरेसंही.

रामायणाबाबत असाच एक प्रसंग, अहल्येचा. शिळा झालेली अहल्या आणि रामाच्या पायाच्या स्पर्शानं तिचा उद्धार, हे इतकं पक्कं बसलं आहे की वाल्मीकींच्या बालकांडात शिळा नाही हे सांगितलं की वाचक थबकतात. तिथे (सर्ग ४८ आणि ४९) ती वारा भक्षून, राखेत पडून, कुणाला न दिसता आश्रमात राहते, आणि राम-लक्ष्मणच तिच्या पायांना हात लावतात. त्यातल्याच ४८व्या सर्गात ती इंद्राला ओळखते असं आहे. उत्तरकांडात, तिसाव्या सर्गात, तीच अहल्या सांगते की गौतमाचं रूप घेऊन आपल्याला फसवलं गेलं. एकाच ग्रंथात दोन अहल्या. नव्या कथेत यातली कोणतीही एक घेतली तरी दुसरी माहीत असलेला वाचक उभा राहणारच. इथे सर्वांत चांगला उपाय म्हणजे आपण कोणती घेतली ते कथेआधीच सांगून टाकणं. लक्ष्मणरेषेचंही तेच. अरण्यकांडात ४५व्या सर्गात सीतेच्या कठोर बोलण्यानं दुखावलेला लक्ष्मण निघून जातो, रेषा काढत नाही. तुलसीदासांच्या मानसात ती अरण्यकांडात नाही, लंकाकांडात मंदोदरीच्या तोंडी तिचा उल्लेख येतो. ऊर्मिलेची चौदा वर्षांची झोप तर तेलुगू बायकांच्या गाण्यांतली.

मुंबईत हे सगळं ताडून पाहणं अवघड नाही. दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. संस्था १८९८ची, आणि पोथ्यांच्या जुन्या मराठी आवृत्त्यांसाठी आधी तिथेच जावं. संस्कृत आवृत्त्यांसाठी फोर्टातली एशियाटिक सोसायटी. एक दुपार काढून आपल्या कथेतला प्रत्येक प्रसंग तपासता येतो. वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात प्रसंग. दुसऱ्यात आधार: आवृत्ती, पर्व किंवा कांड, अध्याय किंवा सर्ग, श्लोक. तिसऱ्यात ‘माझी भर’. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरणं कठीण जातं, कारण लिहिता लिहिता आपली भर आपल्यालाच मूळची वाटू लागते. दोन हजार शब्दांच्या कथेत दहा-बारा प्रसंग असले तर त्यांतल्या तीन-चारांच्या दुसऱ्या रकान्यात काहीच नसणार, आणि त्यात गैर काही नाही. फक्त ते आधी माहीत असावं. प्रतिक्रिया आल्यावर धावाधाव करून शोधलेला आधार हमखास चुकीचा निघतो, कारण तेव्हा आपण खरं काय ते शोधत नसतो, आपली सुटका शोधत असतो.

पण सगळ्याच प्रतिक्रिया आधारानं सुटणाऱ्या नसतात, आणि लिहिणारे नेमके इथे चुकतात. ‘वाचून फार वाईट वाटलं, माझ्या रामाला असं का लिहिलंत’ असं म्हणणाऱ्याला सर्ग आणि श्लोक पाठवणं म्हणजे रडणाऱ्या माणसाच्या हातात कायद्याचं पुस्तक देणं. तो वस्तुस्थितीबद्दल बोलतच नाहीये. त्याच्या रोजच्या पूजेत, त्याच्या आईच्या मरणात, कुठल्याशा आजारपणात त्या नावानं त्याला सावरलं आहे. त्याला एवढंच सांगावं की तुमचं दुःख कळलं, ही कथा मी अमुक कारणासाठी लिहिली, आणि तुमच्या श्रद्धेवर माझा काही दावा नाही. वाद पुढे न्यायचा नाही. तो पुन्हा लिहील तर वाचायचं, आभार मानायचे.

आणि एक वाचक दुसऱ्या टोकाचा. एकलव्याची कथा लिहिली आणि द्रोणाला थोडा सल दिला, की तो विचारतो: तुम्ही द्रोणाला वाचवलंत ना? तप केलं म्हणून रामानं मारलेल्या शूद्र शंबूकाबद्दल लिहिलं नाही तर तो विचारतो, उत्तरकांड अर्धंच का वाचलंत? हा वाचक मुंबईत मोठ्या संख्येनं आहे, नायगाव-वरळीच्या चाळींत त्याच्या तीन पिढ्या वाचत आल्या आहेत, आणि त्याच्या मागे महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’पासूनची (१८७३) वाचनाची परंपरा उभी आहे. वामनाची कथा महाराष्ट्रात लिहिणाऱ्यानं तर हे विसरूच नये. बलिप्रतिपदेला ज्या घरांत ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात तिथे बळी हा पराभूत दैत्य नाही, आपला राजा आहे. वामनाच्या बाजूनं लिहिलेल्या कथेवर येणारा हा आक्षेप अश्रद्धेतून आलेला नाही. ती श्रद्धाच आहे, बळीवरची. ‘देवाबद्दल प्रश्न विचारू नका’ म्हणणारे आणि ‘देवाला सोडून का दिलंत’ म्हणणारे अशी दोन्हींकडची पत्रं एकाच कथेला येतात तेव्हा काही लेखक ‘म्हणजे मी समतोल लिहिलं’ असं समाधान करून घेतात. मला ते मान्य नाही. दोन्ही आक्षेप वेगवेगळे तपासायचे असतात. एक दुसऱ्याला रद्द करत नाही. एकलव्याबाबत तर आधार दुसऱ्या वाचकाच्या बाजूनं जातो: अंगठा गेल्यावर गोष्ट संपत नाही, द्रोणपर्वात कृष्ण स्वतः अर्जुनाला सांगतो की तुझ्या हितासाठी एकलव्याला मी मारलं.

काही प्रतिक्रिया मात्र लिहितानाच टाळता येतात. संतापाच्या प्रतिक्रिया बऱ्याचदा पूर्ण कथा वाचून येत नाहीत. कुणीतरी एका परिच्छेदाचा फोटो काढून सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला असतो. त्या परिच्छेदात रावण बोलत असेल आणि ‘रावण म्हणाला’ हे मागच्या परिच्छेदात राहिलं असेल, तर फोटो पाहणाऱ्याला ते लेखकाचंच मत वाटतं. म्हणून निंदेचं प्रत्येक वाक्य ज्या परिच्छेदात आहे त्याच परिच्छेदात बोलणाऱ्याचं नाव हवं, शक्यतो पहिल्या ओळीत. पात्राच्या मनातल्या विचारांचं तर आणखी जपावं. ‘राम दुबळा होता’ हे कैकेयीच्या मनात असेल तर ‘राम दुबळा आहे, कैकेयीच्या मनात आलं’ असं एकाच वाक्यात बांधावं. कथेची धार यानं कमी होत नाही.

प्रस्तावना शेवटी ठेवण्याची पद्धत मला चुकीची वाटते. कीर्तनकार काय करतात ते पाहा. दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्थेत नारदीय कीर्तन ऐकलं असेल तर लक्षात येईल: पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचा अर्थ पक्का केला जातो, मग उत्तररंगात आख्यान. आख्यानात कीर्तनकार लोकल, रेशनचं दुकान, सासू-सून सगळं आणतो, देवांच्या तोंडी आजची वाक्यं घालतो, आणि एकही श्रोता उठून ‘हे मूळात नाही’ म्हणत नाही. कारण आपण कशाच्या आधारानं पुढे जातो आहोत हे त्यानं आधीच सांगितलेलं असतं. लेखकानंही शंभर-सव्वाशे शब्दांत सुरुवातीलाच सांगावं: कोणता पाठ घेतला, कोणता प्रसंग माझा, काळ का बदलला. त्यात ‘कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही’ हे छापील वाक्य नको. ते वाचलं की वाचक दुखावून घ्यायलाच बसतो.

भाषेवरच्या प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला अनपेक्षित असतात. मराठीत देवाला एकेरी म्हणायची रीत अभंग-ओव्यांपासूनची आहे. ‘राम म्हणाला’ यात अनादर नाही. पण हिंदी मालिकांच्या सवयीनं ‘श्रीराम म्हणाले’ची अपेक्षा करणारा वाचक आता पुष्कळ आहे. कोणतंही एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. गोंधळ होतो तो मिसळण्यानं. ‘राम म्हणाले’ आणि ‘सीता म्हणाली’ असं एकाच पानावर आलं की वाचक, विशेषतः स्त्रिया, ते लगेच पकडतात, आणि पकडायलाच हवं. संवादांतही तेच. सीतेनं रामाला ‘आर्यपुत्र’ म्हणायचं की ‘अहो’? ‘अहो’ लिहिलं की ‘राम-सीता आमच्या चाळीतल्या जोडप्यासारखे बोलतात’ अशी तक्रार येते. तसंच हवं असेल तर पहिल्या संवादापासून तसंच लिहावं, मध्येच भावनेच्या भरात ‘नाथ’ आणू नये. कोकणातला दशावतार याबाबत शिकण्यासारखा आहे. लिखित संहिता नसते, कथासूत्र ठरतं आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात. तरी राजे-देव प्रमाण भाषेच्या उंच सुरात आणि विनोदी पात्रं मालवणीत, ही पातळी सुटत नाही. मुंबईत परळ-लालबागला चाकरमान्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. त्यांचा कान याला तयार आहे.

कथा थेट मुंबईत आणली तर आक्षेपांची जातच बदलते. समजा, कर्ण लालबागच्या चाळीत वाढतो आणि त्याचे वडील बेस्टमध्ये ड्रायव्हर आहेत. सूत म्हणजे सारथी, तेव्हा ही निवड योग्य आहे. मात्र आता वाचक धर्मग्रंथ बाजूला ठेवून शहर तपासतो. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, मग तुमचा कर्ण त्या वर्षी वीस वर्षांचा असेल तर शाळेत कसा? लालबागहून दादरला जायला त्यानं सीएसटीहून लोकल का धरली? कवचकुंडलांच्या जागी काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण बसचा नंबर चुकला तर चार जण कळवतात. त्यांचं ऐकावं आणि दुरुस्त करावं, कारण शहर खोटं वाटलं की त्यातला कर्णही खोटा वाटतो. आजच्या कोणत्या माणसाला कुणाच्या जागी ठेवलं आहे हे मात्र लेखकानं सांगू नये. १९०७ साली खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं तेव्हा कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन हे नाटकात कुणी उच्चारलं नाही. प्रेक्षकांना कळलं, सरकारलाही कळलं, आणि १९१०मध्ये बंदी आली. महाभारत माहीत असलेल्या वाचकाला बोट धरून नेण्याची गरज नसते.

तारखेचंही भान हवं. सीतात्यागाची कथा रामनवमीला प्रसिद्ध करू नये. त्या दिवशी वाचायला येणारा माणूस पाळण्याच्या गाण्यासाठी आलेला असतो. त्याला ती कथा पंधरा दिवसांनी दिली तर तो शांतपणे वाचेल. दिवाळी अंक याला सर्वांत बरा, कारण तिथे वाचक साहित्य वाचण्याच्या तयारीनं येतो.

प्रसिद्ध करण्याआधी पाच जणांना वाचायला द्यावं, आणि ते पाचही आपल्यासारखे नसावेत. एक रोज पोथी वाचणारा, एक संस्कृत जाणणारा, एक ज्याला कथा फक्त मालिकेतून माहीत आहे, एक वीस वर्षांच्या आतला, आणि एक ज्याच्या घरात या कथांकडे विरोधानं पाहिलं जातं. त्यांना ‘कसं वाटलं?’ विचारू नये. ‘कुठे थांबलात?’ विचारावं. तिघे एकाच ओळीवर थांबले असतील तर ती ओळ पुन्हा लिहायची किंवा तिचा आधार पक्का करायचा.

धमकी आणि आक्षेप यांत फरक करावा. धमकीला उत्तर नाही. तिचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवायचा आणि पोलीस ठाण्यात द्यायचा. कायद्याची धमकी आली तर घाबरून मजकूर उडवण्याआधी कलम वाचावं. जुन्या दंडसंहितेतलं २९५अ हे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, पण त्यासाठी जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं धार्मिक भावनांचा अपमान केलेला असावा लागतो. आधारवही आणि कथेआधीची ती शंभर शब्दांची प्रस्तावना हेतू दाखवायला इथेही उपयोगी पडतात. पुढचं वकिलानं पाहावं.

कौतुकाकडे लिहिणारे फारच ढिलाईनं पाहतात. ‘अंगावर काटा आला’ अशी वीस पत्रं आली आणि त्यांतल्या पंधरांत उल्लेख असलेली ओळ व्यासांचीच असेल, तर ती शाबासकी तुमची नाही हे समजून घ्यावं. उलट तिसऱ्या रकान्यातल्या प्रसंगाबद्दल ‘हे मला माहीत नव्हतं, कुठल्या पर्वात आहे?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर त्याच दिवशी द्यावं: हे पर्वात नाही, मी लिहिलं आहे. ही एक गोष्ट लांबवली तर महिन्याभरात तो प्रसंग ‘व्यासांनी म्हटलंय’ म्हणून फिरू लागतो. मग पुढच्या लेखकाला कुणीतरी तोच प्रसंग ‘मूळात आहे’ म्हणून दाखवतं, आणि वृषालीसारखं आणखी एक नाव तयार होतं.

दुरुस्ती करायची तर उघडपणे. तथ्याची चूक (पर्व, अध्याय, कुणाचा मुलगा कोण) सुधारून खाली तारखेसह नोंद घालावी. पात्राबद्दलची आपली मांडणी मात्र पत्रांच्या संख्येवरून बदलू नये. कर्णानं सभेत जे म्हटलं ते त्यानं म्हटलं आहे. शंभर वाचकांनी मागणी केली म्हणून ते वाक्य काढलं, तर ज्या मुलीनं पहिल्यांदाच ही कथा तुमच्याकडून वाचली तिला द्रौपदीचा तो दिवस अपुरा कळेल. ते वाक्य ठेवावं, शेजारी आवृत्ती आणि अध्याय द्यावा, आणि चिडलेल्या कर्णप्रेमी वाचकाला उद्योगपर्वात कर्ण कृष्णाजवळ आपल्या त्या कठोर बोलण्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करतो ती जागाही दाखवावी. तीही ग्रंथातच आहे.